नव्या प्रजातीला नाव द्यायचंय? खर्च इतका, खेटे इतके

धाराशिवहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही इथला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मालवणच्या सहलीत मृदू प्रवाळाचा अनोळखी तुकडा पाहतो किंवा येडशीच्या जंगलात वेगळाच कोळी टिपतो, तेव्हा प्रश्न तोच असतो: हे नवं असेल तर पुढे काय?

आधी परवानगी. मालवणचं सागरी अभयारण्य असो की येडशी-रामलिंग घाट, अभयारण्यातून काहीही उचलायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे नागपूरची, लेखी परवानगी लागते. बरेचसे प्रवाळ, समुद्रपंखेसुद्धा, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेलं होतं, ही सबब चालत नाही. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीने करा. परवानगी हातात येईपर्यंत फक्त फोटो काढा.

नमुना घेतलात की फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे हात नेऊ नका. त्याने डीएनए बिघडतो आणि मृदू प्रवाळाच्या अंगातले चुन्याचे सूक्ष्म कण विरघळतात. प्रजात ओळखायची ती याच कणांवरून. ९५ टक्के इथेनॉल वापरा. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतूनच घ्या, कारण बाहेर घ्यायला गेलात तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आडवा येतो. तारीख, जागा, खोली आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शाई इथेनॉलमध्ये उतरते.

पहिली तपासणी जवळपास फुकट होते. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर ठेवा, वर कपडे धुण्याच्या ब्लीचचे दोन थेंब टाका. मांस बुडबुडे येत विरघळतं, मागे चात्यांसारखे, गदेसारखे पांढरे कण उरतात. शेंड्याचा, देठाचा, वरच्या थराचा आणि आतला असे चार तुकडे वेगवेगळे तपासा. एकाच जागचे कण पाहून ‘नवी प्रजात’ म्हणणाऱ्यांचे लेख परत येतात.

खरा पैसा पुढे जातो. कणांचे फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढावे लागतात. दर तासाचा की नमुन्याचा, सोन्याचा मुलामा त्यात धरलाय की वेगळा, हे आधी विचारा. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सहसा सवलत असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. डीएनएसाठी ‘प्रति नमुना’ दर ऐकून हुरळू नका: डीएनए काढणं, पीसीआर, दोन्ही बाजूंनी वाचन, फसलं तर पुन्हा करणं आणि वर जीएसटी, असं सगळं धरून कोटेशन लेखी घ्या.

बाटली कुरिअरने पाठवू नका, इथेनॉल ज्वलनशील आहे. ते ओतून टाका, नमुना भिजलेल्या गॉजमध्ये गुंडाळून तीन पिशव्यांत सील करा.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती देणं आणि नमुना अधिकृत संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी एक प्रमुख जागा म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. पुण्यात आकुर्डीला त्याचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी फोन करा, मग गाडीत बसा. नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका, शोधनिबंधात तो द्यावा लागतो.

आता सगळ्यात मोठी फसवणूक: ‘आठ दिवसांत छापू, अमुक हजार भरा’ अशी ईमेल. घाई करू नका. ‘झूटॅक्सा’ हे नियतकालिक पानांचे पैसे घेत नाही. लेख सर्वांना खुला ठेवायचा असेल तरच शुल्क. ‘झूकीज’ मात्र युरोंत आकारतं. आणि लक्षात घ्या, भुरट्या नियतकालिकात छापलेलं नावही प्राणिनामकरणाच्या नियमांच्या अटी पूर्ण करत असेल तर वैधच ठरतं. चुकीचं वर्णन मग कायमचं तुमच्या नावावर. फक्त ऑनलाइन छापत असाल तर ‘झूबँक’ या प्राणिनावांच्या नोंदणी संकेतस्थळावर नोंद हवी; ती मोफत आहे, एजंट लावू नका.

वेळ? २०१२ मधल्या एका अभ्यासात नमुना गोळा होण्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं निघाली होती. नमुने बहुतेक कपाटातच पडून राहतात. तुम्ही मागे लागलात तर इतका वेळ लागू नये, पण वर्षाच्या आत होईल असं घरी सांगू नका.

नाव ठेवायला मात्र काहीच लागत नाही. २०२१ मध्ये एका उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं गेलं. स्वतःचंच नाव द्यायला नियमांत बंदी नाही, पण तज्ज्ञ हसतात. आणि निबंध छापून येईपर्यंत नाव बातमीत देऊ नका, पत्रकार ओळखीचा असला तरी.