कारंज्याच्या दोन कथा : एक विचार

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे वऱ्हाडातील एक जुने गाव होय. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना ते वंद्य आहे. तेथील गुरुमंदिरात १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वती यांनी पादुकांची स्थापना केली. श्रीदत्तात्रेयप्रभू हे पंचकृष्णांपैकी एक असल्यामुळे वासनिक मंडळींचे पायही सहजच तिकडे वळतात. तेव्हा तेथे कानी पडणाऱ्या कथांचा विचार कोणत्या दृष्टीने करावा, हे अभ्यासकाने आधी ठरविले पाहिजे.

पहिली कथा गावाच्या नावाची. करंज नावाचे ऋषी दुर्धर व्याधीने ग्रासले होते. त्यांनी अंबादेवीची आराधना केली. देवीने आपल्या मंदिरासमोर तलाव निर्माण केला. त्यात स्नान करून ऋषी व्याधिमुक्त झाले आणि त्यांच्याच नावाने गाव ओळखले जाऊ लागले.

दुसरी कथा ‘गुरुचरित्रा’तील. माधव व अंबा या दांपत्यास पुत्र झाला. त्याचे नाव नरहरी. हे बालक ओंकारावाचून दुसरा शब्द बोलत नसे. मातापिता चिंताक्रांत झाले. सातव्या वर्षी मुंज झाली आणि माता भिक्षा घालू लागताच त्याच्या मुखातून वेदवाणी प्रकटली. परंतु ज्या क्षणी मातेचे दुःख सरले, त्याच क्षणी दुसरे उभे राहिले. बटूने तीर्थयात्रेस निघण्याची अनुज्ञा मागितली. मातेच्या विनवणीवरून तो काही काळ थांबला. तिला जुळे पुत्र झाले आणि ते तीन महिन्यांचे होताच नरहरी काशीस गेला. तेथे त्याने कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतला.

आता तत्त्वदृष्टीने पाहू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, ही श्रीचक्रधरस्वामींची शिकवण सर्वश्रुत आहे. पहिल्या कथेतील फळ हे देवतेचे फळ होय. ऋषींची व्याधी गेली, हे त्या फळाचे मोल. देह मात्र नाशवंतच राहिला, ही त्याची मर्यादा. देवतेचे फळ नाही असे पंथ म्हणत नाही. ते सरणारे आहे एवढेच सांगतो. जन्ममरणाची व्याधी परमेश्वरावाचून कोणी दूर करू शकत नाही.

दुसऱ्या कथेतही भेद ध्यानी ठेवावा. गुरुचरित्राची परंपरा दत्तात्रेयांना त्रिमूर्तिस्वरूप मानते आणि नृसिंहसरस्वतींना त्यांचा अवतार समजते. महानुभावांचे श्रीदत्तात्रेयप्रभू एकमुखी असून साक्षात् परब्रह्माचा अवतार आहेत. म्हणून ही कथा आपल्या लीळांमध्ये मिसळू नये. तथापि भेद जाणणे म्हणजे निंदा करणे नव्हे. दुसऱ्याच्या श्रद्धेला शब्दाने दुखविणे हीदेखील हिंसाच आहे.

भेद राखूनही या कथेतून घेण्यासारखे काही उरते काय? उरते. आचारप्रकरणात स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तजन यांचा संबंध सोडण्यास सांगितले आहे. हे वचन मुखोद्गत असणे सोपे. पण ते आचरताना एका बाजूस माता रडत असते. कारंज्याच्या कथेतील अंबा ऐकणाऱ्यास हे विसरू देत नाही. संन्यास घेणाऱ्याच्या त्यागाची चर्चा सर्वत्र होते. अनुज्ञा देणाऱ्या मातेच्या त्यागाची क्वचितच. आश्रमात मुलगा वा मुलगी अर्पण करणाऱ्या वासनिक कुटुंबांना तो त्याग ठाऊक आहे. त्यांचे दुःख अज्ञान म्हणून झिडकारू नये. भिक्षुकाने ते ऋण जाणावे आणि आपला आचार चोख ठेवून फेडावे. घर सोडूनही जो मानात, मठात किंवा शिष्यवर्गात नवे घर बांधतो, त्याने त्या मातेचे अश्रू वाया घालविले.

करंज ऋषींना जे हवे होते ते मिळाले. अंबामातेला जे मिळाले होते ते सोडावे लागले. कारंज्यास जाणाऱ्या यात्रेकरूने परतताना स्वतःस विचारावे : आपण येथे मागावयास आलो होतो, की काही सोडावयास?