घशाचे दुखणे आणि हृदयाची झडप
मावळातील शाळा व ग्रामपंचायतींनी ओळखावा असा एक टाळता येण्याजोगा विकार

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मावळ तालुका वसला आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले, कार्ले-भाजे येथील लेणी आणि इंद्रायणीकाठची भातखाचरे ही त्याची ओळख. लोणावळ्याचा पावसाळा तर महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आषाढ-श्रावणात नाणे मावळ, आंदर मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर सूर्यदर्शनही दुर्मिळ होते. लहानशा घरात चुलीच्या उबेला सारे कुटुंब एकत्र राहते. या दिवसांत मुलांचा घसा दुखणे, ताप येणे हे इतके नित्याचे असते, की त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. बहुतेक मुले चार-सहा दिवसांत खडखडीत बरी होतात हे खरे. परंतु त्यांतील एखाद्या मुलाच्या हृदयाच्या झडपेवर हा साधा वाटणारा आजार जन्माची खूण ठेवून जाऊ शकतो. म्हणूनच शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना या विकाराची माहिती असणे अगत्याचे आहे.

झडपांचे कार्य

हृदयाचे चार कप्पे असतात आणि रक्त एकाच दिशेने वाहावे म्हणून त्यात चार झडपा असतात. शेतातील पाटाला जशी एकाच बाजूला उघडणारी फळी बसवावी, तशी ही योजना आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाकाठी प्रत्येक झडप सुमारे १ लाख वेळा उघडते आणि मिटते. झडपेत बिघाड दोन प्रकारे होतो. तिच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या म्हणजे वाट अरुंद होते. त्या आखडल्या वा फाटल्या म्हणजे झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागते. कित्येकदा एकाच झडपेत हे दोन्ही दोष आढळतात.

डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडपेची वाट निरोगी प्रौढ माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ती दीड चौरस सेंटिमीटर वा त्याहून कमी झाली, की विकार तीव्र मानला जातो. मग रक्त फुप्फुसांत तुंबते. चढ चढताना धाप लागते, पुढे उताणे निजवत नाही, रात्री दम कोंडून जाग येते, पायांवर सूज येते. हृदयाची लय बिघडली तर कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा आणि पक्षाघात होण्याचा धोका असतो.

कारणे

झडपांचे विकार अनेक कारणांनी होतात. काहींच्या महारोहिणीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. उतारवयात झडपेत चुना साचून ती ताठर होते. रक्तात शिरलेले जंतू झडपेवर ठाण मांडून ती कुरतडतात. तथापि, आपल्या देशात मुले व तरुण यांच्यामध्ये आढळणाऱ्या झडपविकाराचे प्रमुख कारण संधिज्वर, म्हणजेच डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात, तो होय.

याचा आरंभ स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे होणाऱ्या घशाच्या दाहाने होतो. ५ ते १५ या वयात तो विशेष आढळतो. दाटीची वस्ती व कोंदट घरे यांमुळे त्याचा फैलाव सुलभ होतो. घसा बरा झाल्यावर साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी, जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले संरक्षण स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांध्यांना हा ज्वर केवळ स्पर्शून जातो. झडपांवरील त्याचे व्रण मात्र टिकून राहतात. पुन्हा पुन्हा असा ज्वर आला म्हणजे दर खेपेस व्रणात भर पडते. युरोप-अमेरिकेत झडप अरुंद होण्यास बहुधा दशके लागत; भारतात ती काही वर्षांतच, विशीच्या आत अरुंद झालेली आढळते, हे भारतीय डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते.

शिक्षकांनी काय पाहावे?

या ज्वरात गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे सुजतात व दुखतात. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते. ॲस्पिरिनसारख्या औषधाने ते झपाट्याने ओसरते आणि येथेच घात होतो. सांधा मोकळा झाला म्हणजे आजार गेला असे समजून पालक निश्चिंत होतात. ‘वाढीच्या वयातले दुखणे’ म्हणून सोडून दिलेल्या अशा तक्रारीमागे हृदयाची सूज लपलेली असू शकते.

आणखी एक लक्षण शाळेतच प्रथम लक्षात येण्याजोगे आहे. घशाच्या आजारानंतर काही महिन्यांनी एखाद्या मुलाचे, अधिक करून मुलीचे, हातपाय आपोआप हलू लागतात. अक्षर एकाएकी बिघडते, हातातील वस्तू पडतात, चेहरा वेडावाकडा होतो, लहानसहान कारणाने रडू येते. वर्गात हे वांडपण समजले जाते व मुलाला शिक्षा होते. घरी कोणी त्याला बाहेरची बाधा मानतात. वस्तुतः ते संधिज्वराचेच लक्षण असू शकते. अशा मुलाला छडीची नव्हे, तर डॉक्टरांची गरज असते.

प्रतिबंध : पेनिसिलीनची तीन आठवड्यांची पाळी

या विकाराचा प्रतिबंध स्वस्त व साध्य आहे. घशाचा दाह या जंतूंमुळे झाल्याची डॉक्टरांना शंका आल्यास १० दिवस तोंडाने घेण्याचे पेनिसिलीन वा दीर्घकाळ टिकणाऱ्या बेंझाथिन पेनिसिलीनचे एकच इंजेक्शन संधिज्वर टाळू शकते. ज्यास एकदा हा ज्वर येऊन गेला, त्याला दर तीन ते चार आठवड्यांनी १२ लाख युनिट, तर २७ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलास ६ लाख युनिट मात्रा द्यावी लागते. हृदयाला इजा झाली नसेल तर ५ वर्षे अथवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत. हृदयाची सूज मागे काही न ठेवता ओसरली असेल तर १० वर्षे अथवा २१ व्या वर्षापर्यंत. आणि झडप कायमची बिघडली असेल तर १० वर्षे अथवा चाळिशीपर्यंत, यांपैकी जी मुदत लांबची असेल ती पाळावयाची असते. काहींना हे इंजेक्शन आजन्म घ्यावे लागते. क्वचित एखाद्यास पेनिसिलीन मानवत नाही. म्हणून ते तातडीची औषधे हाताशी असलेल्या दवाखान्यातच घ्यावे.

मावळच्या शेजारीच, लोणावळा-पुणे लोहमार्गावरील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा देशातील पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना होय. तेव्हा औषध देशातच तयार होऊ लागून सात दशके लोटली आहेत. खरी अडचण आहे ती नियमितपणाची. तीन आठवड्यांची पाळी म्हणजे वर्षातून सुमारे १७ इंजेक्शने. भातलावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मुलाला दवाखान्यात नेणे कठीण जाते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांची पाळी तर महिनोन्‌महिने चुकते. चुकलेल्या पाळ्यांच्या काळातच ज्वर पुन्हा गाठतो.

उपचार

झडप बिघडल्यावर औषधांनी त्रास कमी होतो, झडप मात्र पूर्ववत होत नाही. अरुंद झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लंडन येथे हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये यशस्वी केली. भारतात अशा शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाल्या, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे त्यांतील अग्रणी होत. जपानचे डॉ. कांजी इनोवे यांनी १९८२ मध्ये मांडीतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धती प्रत्यक्षात आणली. तिच्यात छाती उघडावी लागत नाही. योग्य रुग्णांत आज हाच प्रथम पसंतीचा उपाय होय.

झडप फारच खराब झाली असल्यास ती दुरुस्त करतात वा बदलतात. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेने तयार केलेली भारतीय बनावटीची कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. यांत्रिक झडप बसविल्यानंतर रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते व त्यासाठी वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेस हे बंधन कमी. पण तरुणांत ती लवकर झिजते. म्हणजे शस्त्रक्रियेनेही जबाबदारी संपत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची आहे. गरोदरपणी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते आणि तोवर दडून राहिलेला झडपविकार अकस्मात उघड होतो. लहानपणी सांधे सुजल्याचा इतिहास असलेल्या, किंवा थोड्या श्रमानेही धाप लागणाऱ्या गरोदर स्त्रीची हृदयतपासणी वेळीच झाली पाहिजे. कृत्रिम झडप असलेल्या स्त्रीने तर गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गावाने काय करावे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत संधिज्वरजन्य हृदयविकाराचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी धाप लागणाऱ्या, सांधे दुखणाऱ्या वा हातपाय आपोआप हलणाऱ्या मुलांची नावे शिक्षकांनी आधीच काढून ठेवावीत. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची चौकशी करावी. छातीला नळी लावून ऐकल्यास संशय येतो. निश्चित निदान मात्र ध्वनिलहरींच्या साहाय्याने होणाऱ्या इकोकार्डिओग्राफी तपासणीने होते.

निदान झालेल्या मुलाच्या इंजेक्शनाची तारीख आशा कार्यकर्तीच्या वहीत, शाळेच्या हजेरीपटाशेजारी आणि घराच्या दिनदर्शिकेवर अशी तिन्ही ठिकाणी नोंदविता येईल. कुटुंब कामासाठी परगावी जाणार असेल, तर मुलाचे इंजेक्शन-कार्ड त्याच्यासोबत जाईल आणि तेथील आरोग्य केंद्रास कळविले जाईल, हे ग्रामपंचायतीने पाहावे. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. शिधापत्रिका व ओळखपत्र यांतील नावांच्या चुका अगोदरच दुरुस्त करून ठेवल्यास ऐन वेळी धावाधाव होत नाही.

मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या विकाराविरुद्ध सर्व राष्ट्रांनी पावले उचलावीत असा ठराव केला. त्या ठरावाची अंमलबजावणी शेवटी गावपातळीवरच व्हावयाची आहे. झडप बदलण्यासाठी मोठे रुग्णालय, निष्णात शल्यचिकित्सक व लाखोंचा खर्च लागतो. ती बिघडू नये यासाठी मात्र दुखऱ्या घशाची वेळेवर दखल घेणारे पालक, मुलाच्या बिघडलेल्या अक्षराचे कारण विचारणारा शिक्षक आणि दर तीन आठवड्यांची तारीख न विसरणारे गाव पुरेसे आहे.