रायडिंग जीन्स दिवसभर घालता येईल का?

प्रश्न : मी पालघरहून रोज बाइकने तारापूर एमआयडीसीत कामाला जातो, सुट्टीला मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारला. रायडिंग जीन्स रोज घालता येईल का? – एक वाचक, पालघर

उत्तर : घालता येईल, पण आपल्याकडच्या दमट हवेत आतून पूर्ण अस्तर असलेली जीन्स मे महिन्यात दुपारपर्यंत नकोशी होते. म्हणून एकपदरी कापडाची पाहा. त्यात मजबूत धागा सुतासोबतच विणलेला असतो. लेबलवर ईएन १७०९२ हे युरोपीय मानक शोधा. त्यात एएए सर्वांत वरचा वर्ग, मग एए आणि ए. रोजच्यासाठी ए चालेल. पण महामार्गावर आणि घाटात जाता, तर एए घ्या. नुसतं ‘केव्हलर’ लिहिलेलं असेल, तर तो धागा कुठे आणि किती आहे ते विचाराच. कधीकधी फक्त गुडघ्यावर एक ठिगळ असतं!

गुडघ्याच्या आणि खुब्याच्या पॅडवर ईएन १६२१-१ छापलेलं हवं. लेव्हल २चं पॅड धक्का अधिक शोषतं. दुकानात उभं राहून माप ठरवू नका. बाइकवर बसून पाहा : पॅड नेमकं गुडघ्यावर यायला हवं, आणि जीन्स वर सरकून घोटा उघडा पडता कामा नये. पॅड काढता येणारी असली की कामावर पोचल्यावर सुटसुटीत. प्लांटमध्ये मात्र कंपनीचेच सुरक्षा-कपडे घाला, ही जीन्स त्यांची जागा घेत नाही.

धुताना क्लोरीनचं ब्लीच टाळा आणि सावलीत वाळवा. ब्लीच आणि ऊन, दोन्हींनी केव्हलरसारखा अॅरामिड धागा कमकुवत होतो. पावसाळ्यात वरून रेनपँट लागेलच.