मार्गदर्शकांचे मौन आणि अडलेली फेलोशिप

पीएच.डी.साठी नाव नोंदवून दोन वर्षे होत आलेला मुलगा जेव्हा घरी फोन करून 'सरांना चार मेल केले, एकाचेही उत्तर नाही' असे सांगतो, तेव्हा सोलापुरात किंवा सावंतवाडीत बसलेल्या आईवडिलांच्या मनात पहिली शंका येते ती सर नाराज तर झाले नसतील ना, ही. आणि दुसरी, जी ते बोलून दाखवीत नाहीत, ती पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याची. यांतली पहिली शंका बहुधा निराधार असते आणि दुसरी पुरती साधार असते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. म्हणून मौनाचा अर्थ लावीत बसण्यापेक्षा आपल्या पैशाच्या वाटेत नेमकी कोणाची सही, कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेच्या आत हवी आहे, हे विद्यार्थ्याने आधी समजून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचेच, म्हणजे जेआरएफचेच, उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि दोन वर्षांनंतर तिची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे एसआरएफ, झाल्यावर ती ४२,००० होते. पण ही बढती आपोआप होत नाही. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरचे एक तज्ज्ञ अशा तिघांच्या समितीने कामाचे मूल्यमापन करून शिफारस करावी लागते, आणि तिघांच्या सोयीची एक तारीख जुळवण्यातच महिना सहज निघून जातो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीतही प्रगती अहवालावर मार्गदर्शकांची सही लागतेच. तेव्हा मुदत संपण्याच्या आठवड्यात जागे होणे उपयोगाचे नाही. किमान तीन महिने आधी हालचाल सुरू व्हावी.

मार्गदर्शकांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात; त्याखेरीज तास, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि समित्यांची कामे असतातच. अशा माणसाला आलेले जे पत्र वाचून विचार करावा लागतो, ते तो 'नंतर निवांत पाहू' म्हणून बाजूस ठेवतो, आणि तो निवांतपणा कधीच येत नाही.

मागे एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. तिने फोनवर आपले मेल दाखवले. पहिल्याचा विषय होता 'विनंती'. दुसऱ्याचा 'पुन्हा विनंती'. तिसऱ्याला विषयच नव्हता. आत घरची अडचण, भावाचे शिक्षण, सरांच्या उपकारांचा उल्लेख, असे सारे मनापासून लिहिलेले होते. पण शेवटची तारीख कुठेतरी नवव्या ओळीत दडलेली होती आणि ज्यावर सही हवी ते प्रपत्र जोडलेलेच नव्हते. सरांनी नेमके काय करावे, हे त्या तीन मेलांतून कोणालाही कळले नसते. आम्ही तिथेच बसून नवा मजकूर तयार केला. विषय: 'एसआरएफ बढती: प्रपत्रावर आपली सही, २० तारखेपूर्वी'. आणि खाली एवढेच: 'आदरणीय सर, माझी जेआरएफची दोन वर्षे ३१ ऑगस्टला पूर्ण होत आहेत. प्रपत्र भरून सोबत जोडले आहे. आपल्या सहीची जागा दुसऱ्या पानावर आहे. बाहेरील तज्ज्ञांसाठी आपण सुचवलेली दोन नावे त्यात लिहिली आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी विभागात असते. आपण सांगाल त्या वेळी छापील प्रत घेऊन येईन.' वडील म्हणाले, 'एवढंच?' एवढेच पुरे होते. त्याच आठवड्यात सही झाली.

सात-आठ दिवसांत उत्तर न आल्यास त्याच मेलच्या खाली दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे. आधीच्या पत्रांची उजळणी त्यात नको आणि 'आपण उत्तर दिले नाही' हे वाक्य तर मुळीच नको, कारण तगादा सावकाराचा असतो आणि विद्यार्थ्याने करायचा तो पाठपुरावा. त्यानंतर मात्र पडद्यामागे न राहता छापील प्रत हाती घेऊन स्वतः विभागात जावे. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या संदेशापेक्षा सकाळच्या तासानंतर खोलीच्या दाराशी उभे राहणे केव्हाही अधिक शोभते, आणि कामही त्यानेच होते.

तरीही काम अडलेच, तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा, मार्गदर्शकांनाही त्याची प्रत पाठवावी, आणि त्यात दोषारोप न करता केवळ मुदत जवळ आल्याचे नमूद करावे. अर्ज बारनिशीत देऊन आवक क्रमांकाची पोच घ्यावी. हाती दिलेला कागद गहाळ होतो, नोंदलेला सहसा होत नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण करावे लागते. त्या बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय आणावा. याही पलीकडे आयोगाच्या २०२३च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. साध्या दिरंगाईसाठी हा मार्ग एकदम धरू नये. पण सहीच्या बदल्यात पैसे किंवा घरची कामे मागितली जात असतील, तर ती दिरंगाई नव्हे. तिथे एक दिवसही न थांबता तक्रार करावी आणि पालकांनी मुलाच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे.

अन्यथा पालकांनी मार्गदर्शकांना परस्पर फोन करू नये. पंचविशीतल्या संशोधकासाठी वडिलांचा फोन आला, की त्या विभागात त्याची किंमत कमी होते, आणि ती पुन्हा मिळवायला त्याला वर्ष लागते. त्याऐवजी मुलाला प्रपत्राची तारीख विचारावी, स्मरणपत्र पाठवण्याआधी ते आपल्याला वाचून दाखवायला सांगावे, आणि शक्य असेल तर दोन महिन्यांचे खोलीभाडे, त्याने मागण्याची वाट न पाहता, त्याच्या खात्यात जमा करून ठेवावे.