प्रमाणपत्र कोण देणार?

दहावी-बारावीनंतर तांत्रिक प्रशिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते ती बहुधा प्रमाणपत्र कोण देणार, हे प्रवेश घेताना विचारले न गेल्यामुळे. 1950 साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेनुसार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, वेल्डरसारखे एक वर्षाचे आणि फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखे दोन वर्षांचे व्यवसाय शिकवले जातात व अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते; तंत्रनिकेतनातील पदविकेची परीक्षा महाराष्ट्रात राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. यांच्याच शेजारी ‘टेक्निकल इन्स्टिट्यूट’ अशी पाटी लावलेले काही खासगी वर्ग चालतात आणि त्यांच्या माहितीपत्रकावर ‘सरकारमान्य’ असे छापलेले असते, ज्याचा अर्थ कित्येकदा एवढाच निघतो की चालक मंडळाची 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद झालेली आहे. आयएसओ 9001 हे मानकही व्यवस्थापनपद्धतीपुरते असून अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही (ते ठळक अक्षरांत छापण्याची हौस मात्र अशाच ठिकाणी अधिक दिसते).

या कागदाचे मोल विद्यार्थ्याला उशिरा कळते, कारण रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या पदांसाठी मान्यताप्राप्त आयटीआय प्रमाणपत्र मागितले की त्याचा अर्ज छाननीतच बाद होतो, आयटीआय उत्तीर्णांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेशही त्याला मिळत नाही, आणि तोवर शुल्कही गेलेले असते व वयही.

त्याहून फसवी गोष्ट अशी, की आयटीआयला मान्यता सरसकट मिळत नाही, ती व्यवसायनिहाय व तुकडीनिहाय दिली जाते. त्यामुळे एकाच इमारतीतला फिटर मान्य आणि नव्याने उघडलेला दुसरा व्यवसाय अमान्य असू शकतो. म्हणून चौकशी संस्थेच्या नावावर न थांबता नेमक्या व्यवसायाची, आणि तीही केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर किंवा राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयात करावी.

‘नोकरीची हमी’ हेही तपासून घ्यावे, कारण ती पुष्कळदा शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ठरावीक मुदतीची अप्रेंटिसशिप, निघते आणि 1961 च्या कायद्यानुसार असा उमेदवार कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानला जातो.

कार्यशाळा चालू असताना पाहावी, शुल्काची पावती घ्यावी आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला मान्यतेची खात्री झाल्याखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये.