मानेतील कृत्रिम डिस्क : निर्णयापूर्वी

मानेत 7 मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमधील जागा वगळता प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते. तिलाच डिस्क असे म्हटले जाते. वयोमानाने ती झिजते; कधी तिचा गाभा बाहेर सरकून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. अशा वेळी मानेपेक्षा हातातच अधिक कळा येतात.

एम.आर.आय.च्या अहवालातील ‘डिस्क सरकली आहे’ या शब्दांनीच अनेकांचा धीर सुटतो. वस्तुतः कोणतीही तक्रार नसलेल्या कित्येक प्रौढांच्या तपासणीतही असे बदल आढळतात. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांची तपासणी आणि एम.आर.आय. ही तिन्ही एकाच मज्जातंतूकडे बोट दाखवीत असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. त्यातही बहुसंख्य रुग्णांना औषधे व व्यायाम यांनी काही आठवड्यांत आराम पडतो. अपवाद मज्जारज्जूवरील दाबाचा. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, अक्षर बिघडणे ही त्याची लक्षणे होत. (धनादेशावरील स्वाक्षरी जुळेनाशी झाली, तर दोष नेहमी बँकेचाच नसतो!) येथे विलंब घातक ठरतो.

शस्त्रक्रिया आवश्यक ठरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : मणके सांधावेत की कृत्रिम डिस्क बसवावी? मानेच्या पुढील बाजूने डिस्क काढून मणके सांधण्याची पद्धत 1950च्या दशकापासून रूढ आहे. ती भरवशाची आहे. परंतु सांधलेल्या जागेची हालचाल थांबते आणि शेजारच्या डिस्कवर भार वाढतो, असे मानले जाते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दरवर्षी सुमारे 2.9 टक्के रुग्णांना शेजारच्या भागात नवा त्रास उद्भवल्याचे दिसले. मात्र त्यात वयोमानाच्या झिजेचा वाटाही असतोच.

कृत्रिम डिस्क हालचाल टिकविते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेसाठी पहिल्या कृत्रिम डिस्कला 2007 मध्ये, तर दोन ठिकाणी बसविण्यास 2013 मध्ये मान्यता दिली. निवडक रुग्णांत तिचे परिणाम सांधणीइतकेच, काही चाचण्यांत अधिक चांगले आढळले. यांपैकी अनेक चाचण्या उत्पादकांच्या खर्चाने झाल्या, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, मणक्यांचे मागील सांधे झिजले आहेत किंवा मणके अस्थिर आहेत, त्यांना ती सहसा योग्य नसते. शिवाय काहींच्या बाबतीत डिस्कभोवती हाड वाढून हालचाल पुन्हा थांबते. मग जिच्यासाठी जास्त पैसे मोजले, तीच गोष्ट उरत नाही. केवळ मान दुखते म्हणून डिस्क बदलणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक.

आपल्या रुग्णांपैकी किती जणांना ही डिस्क बसविली आणि आपल्यासाठी सांधणी का नको, हे शल्यविशारदांना स्पष्ट विचारावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा. कृत्रिम डिस्कची किंमत सांधणीच्या साहित्यापेक्षा बहुधा जास्त असते. म्हणून ती आरोग्य विम्यात समाविष्ट आहे का, प्रतीक्षा काळ संपला आहे का, याचे उत्तर विमा कंपनीकडून आगाऊ व लेखी मिळवावे. घरी परतताना डिस्कचे नाव व क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. पुढे कधी एम.आर.आय. काढावयाची झाल्यास ते प्रथम विचारले जाते.