वृद्धिसंप्रेरक, पेप्टाइड्स आणि उतारवयातील बळ

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना माझे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त, आणि आमच्या इंदूरच्या मराठी वस्तीत सर्वांच्या परिचयाचे. मी त्यांना अण्णा म्हणतो. उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात आणि संध्याकाळी पाय सुजतात, अशी त्यांची तक्रार होती. तपासणीत हृदय, मूत्रपिंड व थायरॉइड निर्दोष आढळले. मात्र वर्षापूर्वी १०२ असलेली उपाशीपोटीची साखर १२९ वर गेली होती. "दुसरे काही औषध चालू आहे का?" असे विचारल्यावर त्यांनी मानेनेच नकार दिला. निघताना मात्र ते दारातून परत फिरले आणि पिशवीतून काचेच्या दोन लहान कुप्या काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

एकीवर सीजेसी-१२९५ असे नाव होते, दुसरीवर इपामोरेलिन. खाली बारीक अक्षरांत, केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही, अशा अर्थाची सूचना होती. परगावच्या एका 'वयरोधक' उपचारकेंद्राने त्या दिल्या होत्या आणि अण्णा चार महिने रोज रात्री स्वतःच्या हाताने पोटाच्या कातडीखाली हे इंजेक्शन टोचून घेत होते. मी काहीसा रागावलो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला तरुण दिसायचे नाही हो. पण हिला पलंगावरून खुर्चीत मलाच बसवावे लागते. माझ्याच हातांतले बळ गेले, तर हिचे कसे व्हायचे?" त्यांच्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, हे मला ठाऊक होते. माझा राग तेथेच ओसरला.

त्यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे, तर आधी मलाच अभ्यास करणे भाग होते. त्या वाचनाचे सार त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

वयाबरोबर काय घटते?

वृद्धिसंप्रेरक, अर्थात ग्रोथ हॉर्मोन, हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून, म्हणजेच पिट्यूटरीतून, स्रवते. ते संथ धारेने वाहत नाही, ठरावीक अंतराने उसळ्या मारीत येते. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतील उसळी सर्वांत मोठी असते. म्हणूनच दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त काढून या संप्रेरकाचे प्रमाण मोजण्यात फारसा अर्थ नसतो. त्याच्या प्रभावाने यकृतातून आयजीएफ-१ नावाचा घटक तयार होतो. त्याची पातळी दिवसभर बरीच स्थिर राहत असल्याने व्यवहारात तीच मोजली जाते.

या ग्रंथीवर हायपोथॅलॅमसचे दुहेरी नियंत्रण असते. जीएचआरएच हे पेप्टाइड स्रावाला चालना देते, तर सोमॅटोस्टॅटिन लगाम घालते. सोमॅटोस्टॅटिनचा शोध १९७३ साली लागला. जीएचआरएच १९८२ साली स्वादुपिंडाच्या दुर्मीळ गाठींतून वेगळे करण्यात आले. १९९९ साली जपानी संशोधक कोजिमा व कांगावा यांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन शोधून काढले आणि चालना देणारा आणखी एक मार्ग उघड झाला.

तारुण्यानंतर हा स्राव दर दशकाला सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. याच काळात स्नायू रोडावतात आणि पोटावरची चरबी वाढते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने पहिली हे दुसरीचे कारण असावे, हा तर्क कोणालाही सुचेल. मात्र पोटावरची चरबी वाढली की वृद्धिसंप्रेरकाचा स्राव घटतो, हेही तितकेच खरे आहे. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

जुनी आशा, नवी इंजेक्शने

वार्धक्य परतवण्याची आशा मानवाइतकीच जुनी आहे. पुत्राचे तारुण्य मागून घेणारा ययाती आणि पुन्हा तरुण झालेले च्यवन ऋषी आपल्या परिचयाचे आहेत. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपले बळ परतल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. तो अनुभव टिकला नाही.

वृद्धिसंप्रेरकाच्या बाबतीत आशेला खरी पालवी फुटली ती १९९० साली. अमेरिकेत रुडमन व सहकाऱ्यांनी ६१ ते ८१ वर्षे वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक दिले. त्यांचे चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले आणि चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. जाहिरातदारांनी हे आकडे उचलून धरले. पण त्या प्रयोगात या मंडळींचे बळ वाढले किंवा जिने चढणे सोपे झाले, असे कोठेही सिद्ध झाले नव्हते. पुढे १९९६ साली पापाडाकिस यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या निरोगी पुरुषांमध्ये नेमके तेच तपासले. शरीराची घडण बदलली, पण कार्यक्षमता सुधारली नाही. २००७ साली सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की लाभ अल्प आहे आणि सूज, सांधेदुखी, हाताच्या नसेवरील दाब व साखरेतील वाढ हे त्रास अधिक आहेत. अण्णांच्या बोटांच्या मुंग्या मला येथे छापील स्वरूपात भेटल्या.

'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ

तयार संप्रेरकाविषयी अशा शंका वाढल्यावर पेप्टाइड्सचे युग आले. त्यामागील युक्तिवाद आकर्षक आहे. बाहेरून संप्रेरक देण्याऐवजी शरीराच्याच ग्रंथीला जागे करावे. मग स्राव उसळ्यांनीच होईल, सोमॅटोस्टॅटिनचा लगामही शाबूत राहील आणि अतिरेक टळेल. शरीरक्रियेच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नाही. म्हणून त्याची परीक्षा कशी झाली, हे पाहणे अगत्याचे आहे.

सर्मोरेलिन म्हणजे जीएचआरएचचा पहिल्या २९ अमिनो आम्लांचा तुकडा. अमेरिकेत १९९७ साली तो मुलांच्या खुंटलेल्या वाढीसाठी संमत झाला. वृद्धांसाठी त्याला कधीच मान्यता मिळाली नाही. टेसामोरेलिनला २०१० साली मान्यता मिळाली, पण ती एचआयव्हीबाधितांच्या पोटातील अतिरिक्त चरबीपुरती. २००७ सालच्या प्रयोगात २६ आठवड्यांत ही चरबी सुमारे १५ टक्क्यांनी घटली. औषध थांबवल्यावर मात्र ती परत येते. याच औषधाचा २०१२ साली ५५ ते ८७ वर्षे वयाच्या १५२ व्यक्तींवर २० आठवडे प्रयोग झाला आणि आकलनशक्तीवर काहीसा अनुकूल परिणाम आढळला. हे आशादायक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु वीस आठवड्यांच्या एका प्रयोगावर आयुष्यभराचा उपचार उभा राहत नाही.

सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र पेप्टाइडचा नाही. तो घ्रेलिनच्याच मार्गाने काम करणाऱ्या, तोंडाने घ्यावयाच्या एमके-६७७ या औषधाचा आहे. ६० ते ८१ वर्षे वयाच्या ६५ निरोगी व्यक्तींवर झालेल्या दोन वर्षांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. वृद्धिसंप्रेरकाच्या उसळ्या खरोखरच तरुणांसारख्या झाल्या. एका वर्षात चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलोग्रॅमने वाढले. बळ मात्र वाढले नाही, कार्यक्षमता वाढली नाही आणि उपाशीपोटीची साखर सरासरी ५ मिलिग्रॅमने चढली. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरील याच औषधाचा प्रयोग तर हृदयविकाराच्या शंकेने मध्येच थांबवावा लागला.

अण्णांच्या कुप्यांतील सीजेसी-१२९५ ने आयजीएफ-१ अनेक दिवस चढा राहतो, एवढे २००६ साली दाखवून दिले गेले. येथे 'नैसर्गिक उसळी'चा दावाच लंगडा पडतो, कारण दिवसेंदिवस टिकणारी चालना ही निसर्गाची रीत नव्हे. इपामोरेलिन शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांसाठी वापरून पाहिले गेले आणि तेथे ते निष्फळ ठरले. वृद्धांमध्ये यांपैकी कोणत्याही औषधाने पडणे टळते किंवा आयुष्य वाढते, असे दाखवणारा मोठा व दीर्घकालीन प्रयोग माझ्या वाचनात आला नाही. ग्रंथी स्वतःची असली, तरी वाढलेला आयजीएफ-१ पेशींना वाढण्याचाच आदेश देतो. त्या पेशींत एखादी दडलेली दुष्ट पेशी असेल, तर तिलाही तोच आदेश मिळेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

निसर्गाने केलेला प्रयोग

याची दुसरी बाजू निसर्गानेच दाखवली आहे. इक्वाडोरमध्ये लॅरॉन व्याधीची अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या शरीरात वृद्धिसंप्रेरक असते, पण त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे उंची खुंटते. अशा ९९ व्यक्तींचे २२ वर्षे निरीक्षण करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्यात मधुमेह आढळला नाही आणि कर्करोगाची एकच, तीही प्राणघातक न ठरलेली, घटना आढळली. या व्यक्तींचे एकंदर आयुर्मान इतरांहून अधिक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तरीही वयोमानाने होणारी ही घट म्हणजे निव्वळ ऱ्हास नसून, काही अंशी शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी आवरलेला हात असू शकेल, असा विचार यातून पुढे येतो.

ज्यांना उपचार खरोखर हवा

या विवेचनामुळे खऱ्या कमतरतेकडे दुर्लक्ष होऊ नये. पीयूषिकेची गाठ, तिच्यावरील शस्त्रक्रिया वा किरणोपचार, डोक्याला गंभीर इजा, प्रसूतीतील अतिरक्तस्रावानंतर ग्रंथीचा नाश, आणि आपल्या देशात विशेष लक्षात ठेवावयाचे कारण म्हणजे घोणसाचा दंश, यांमुळे प्रौढांत खरी कमतरता निर्माण होते. तिचे निदान उत्तेजन चाचणीने करतात. त्यासाठी २०१७ साली अमेरिकेत मॅसिमोरेलिन हे तोंडाने घ्यावयाचे द्रव्य संमत झाले. अशा रुग्णांना संप्रेरक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार मिळालाच पाहिजे. सत्तरीतील निरोगी माणसाचा आयजीएफ-१ पंचविशीतल्यापेक्षा कमी असणे हा मात्र आजार नव्हे.

मग बळ कोठून आणावे?

ज्या १९९० साली रुडमन यांचा निबंध गाजला, त्याच वर्षी फियाटारोन यांच्या बॉस्टनमधील गटाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९४ साली याच गटाने शंभर दुर्बल वृद्धांचा अभ्यास केला. सरासरी वय ८७. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांचे बळ ११३ टक्क्यांनी वाढले, चालण्याचा आणि जिना चढण्याचा वेगही सुधारला. एकाच वर्षीच्या या दोन निबंधांपैकी कुप्यांचा बाजार एकाच्याच नावावर भरला, कारण दुसऱ्यात विकण्याजोगे काही नव्हते.

गाढ झोपेचे महत्त्वही तितकेच आहे. २००० साली १४९ पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले की तारुण्यात एकूण झोपेच्या १८.९ टक्के असलेली गाढ झोप पस्तिशीनंतरच ३.४ टक्क्यांवर येते आणि वृद्धिसंप्रेरकही तिच्यामागोमाग घसरते. घोरणे, झोपेतील श्वासरोध व रात्री उशिरापर्यंतचे जागरण यांची चौकशी आपण किती रुग्णांकडे करतो? त्याचप्रमाणे पोटावरची चरबी उतरली की स्रावही काही अंशी आपोआप सुधारतो.

अण्णांना मी इंजेक्शने थांबवण्यास सांगितले. सहा आठवड्यांत मुंग्या व सूज गेली आणि तीन महिन्यांनी साखर १०६ वर आली. दरम्यान फिजिओथेरपिस्टांनी आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे, वाळूच्या पिशव्या उचलणे असे व्यायाम सुरू केले. पत्नीला हलवताना कमरेवर भार न घेण्याची पद्धतही शिकवली. जेवणात डाळ, दूध व अंडी वाढवली. ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, ती भरून काढली. आणि मी पूर्वीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : रात्रीच्या वेळी मदतीला कोणी आहे का? आता त्यांचा पुतण्या रात्री त्यांच्याकडे झोपतो.

पहिल्या दिवशी अण्णा हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत सात वेळा उठू शकले होते. चार महिन्यांनी ते तेरा वेळा उठले. हा एकाच माणसाचा अनुभव आहे, शास्त्रीय पुरावा नव्हे, याची मला जाणीव आहे. पण त्यांना हवे होते ते नेमके हेच.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे की कारण न सापडणारी सूज, हातांच्या मुंग्या किंवा अचानक चढलेली साखर दिसली, तर इंजेक्शनांविषयी जरूर विचारावे आणि उत्तर ऐकून रुग्णाला लाजवू नये. तो कुपी विकत घेतो, त्यामागे बहुधा एक भीती असते. ती भीती कोणती आहे, हे आपण विचारले नाही, तर ते विचारणारा दुसरा कोणीतरी त्याला भेटतोच, आणि त्याच्याकडे विकायला कुपी तयार असते.